प्रेमपत्राच्या वेषातील कृमी
ई-मेलला जोडून येणारी फाइल, म्हणजे अटॅचमेंट, हे केवळ कागदपत्र नसते, तर संगणकाला आज्ञा देणारा प्रोग्रामही असू शकते. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या संगणक-कृमीने, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पाठवत सुटणाऱ्या प्रोग्रामने, हा फरक ठाऊक नसलेल्यांनाच गाठले. त्या फाइलच्या नावाला आधी ‘टीएक्सटी’ (साधा मजकूर) आणि शेवटी ‘व्हीबीएस’ (प्रोग्राम) अशी, फाइलचा प्रकार सांगणारी, दोन शेपटे होती. परंतु विंडोज प्रणाली शेवटचे शेपूट आपण होऊन लपवत असल्यामुळे वाचणाऱ्याला ते साधे पत्र वाटे, आणि ही लपवाछपवी नवख्या माणसाच्या हिताची मुळीच नव्हती. फाइल उघडताच कृमी छायाचित्रांच्या फायलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी आणि आउटलुक या ई-मेल प्रोग्राममधील पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र धाडी. म्हणूनच ते कोणा भामट्याकडून नव्हे, तर मित्राकडून किंवा सहकाऱ्याकडून आल्यासारखे दिसे. अशा कृत्याला लागू पडणारा कायदा तेव्हा फिलिपिन्समध्ये नसल्याने संशयितावरील आरोप मागे घेण्यात आले. लपलेले शेपूट दाखवण्याची सोय विंडोजच्या ‘फाइल एक्सप्लोरर’मध्ये ‘व्ह्यू’ या भागात आहे, मात्र ती वापरणाऱ्याला स्वतः चालू करावी लागते.