लंडन ते ब्रायटन

जुन्या मोटारी प्रदर्शनात शोभून दिसतात हे खरे. परंतु यंत्राचे वैभव त्याच्या गतीतच प्रकट होते, याचा प्रत्यय लंडन ते ब्रायटन या वार्षिक दौडीत येतो. इंग्लंडात मोटारीपुढे एका इसमाने पायी चालावे, हा कायद्याचा दंडक १८९६ साली रद्द होऊन ताशी १४ मैलांपर्यंत वेगाची मुभा मिळाली, तेव्हा १४ नोव्हेंबरला हर्षभराने मोटारी ब्रायटनकडे निघाल्या. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ ही दौड १९२७ मध्ये सुरू झाली; १९०५ पूर्वी घडविलेल्या मोटारींनाच तेथे प्रवेश आहे. शिवाय, मोटार न चालवता उभी ठेवली, तर एंजिनातील भागांवरचा तेलाचा लेप ओसरून गंज चढतो. म्हणूनच हा वारसा जतन करावयाचा, तर तो चालता ठेवणे हेच मालकाचे कर्तव्य होय.