चौदाशे एकोणीस सोडून बाकीचे
(लातूरच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मी मॅट्रिक पास, मुंबईच्या धक्क्यावरचा हमाल. कविता करतो, पण आज हिशोब मांडणारंय.

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्या. २०१७ सरता सरता कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं, कारखाना मात्र चालू ठेवला. का? इथली बीट गाडी मेक्सिकोला जायची. गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, घाम आपला, कारण तो स्वस्त. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. चिनी ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला सौदा २०२२ मध्ये मोडला. मधल्यामधी, ऐन कोरोनात, एप्रिल २०२१ ला १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस. त्यांची युनियन होती, ते कोर्टात भांडले. त्यांना सलाम. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्याला ह्युंदाई हा नवा मालकही मिळाला.

पण ह्या आकड्यात आपली पोरं कुठंयत? नांदेड-पनवेल गाडीच्या जनरल डब्यात संडासाजवळ बसून गेलेली, आयटीआय केलेली, चाकण-तळेगावच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या नावावर राबणारी? मोठी कंपनी गाडी जोडते. सीट, ब्रॅकेट, वायरींचे जुडगे बाहेरून येतात. वर ऑर्डर तुटली की खाली प्रेस मशीन थांबते. ठेकेदार म्हणतो, उद्यापास्नं येऊ नको. गेट पास काढून घेतला की संपलं. नांदेडात उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा भोंगा थांबल्याचं गावाला कळलं तरी. ह्यांना भोंगाच नाही.

कायदा? शंभरावर कामगार असले तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. २०२० च्या संहितेनं ती रेघ तीनशेवर नेली. वीस-पन्नास पोरांची शेड तेव्हाही रेघेखाली, आताही.

काम गेलेला पाटलाचा पोरगा बापाच्या रानात परततो. (सोयाबीनला भाव नाही, त्याचंही खरं नाही, ते सोडा.) आपला कुठं परतणार? ज्याच्या बांधावरनं ताठ मानेनं निघाला, त्याच्याच बांधावर रोजानं. नायतर उचल घेऊन ऊसतोडीला. वस्तीतली म्हातारी विचारते, "पुण्याचं काय झालं रं?" तो म्हणतो, "सुट्टी हाय."

संपाला गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला संप पुकारला, तो काय फक्त जयंतीला सांगायला?

दारात वही ठेवलीय. नाव, गाव, कुठली शेड, कोण ठेकेदार, किती महिने, पीएफ कापला का, भरला का. सगळं लिहा. सुट्टीवर असलेल्यांनी आधी लिहा.