लक्ष्मीबाई टिळक



वाशिंदवरून जाणारी गाडी कसारा घाट चढून नाशिकला पोहोचते. त्या नाशिकजवळ जलालपूर गाव आहे. तिथं 1868 साली लक्ष्मीबाई जन्मल्या. घर कडक सोवळ्याचं. बाजारचं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! धुतल्यावर मीठ उरतं किती, ते तुम्हीच सांगा.

लहानपणीच लग्न झालं. पती कवी नारायण वामन टिळक. त्यांनीच बायकोला लिहाय-वाचायला शिकवलं. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. बाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नवरा तिकडं, जात इकडं. बाईनं आपल्याला कोणाची म्हणावं?

पुढं त्यांच्या मनानं घेतलं, की जाती माणसांनी केल्या, देवानं नव्हे. देव सगळ्यांवर सारखी माया करतो, मग विटाळ कसला? त्या कोणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोरकी मुलं घरात वाढवली. मराठी बोली आणि थट्टेखोर स्वभाव मात्र तसाच राहिला.

1919 साली टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' काव्य अपुरंच होतं. घरीच अक्षरं शिकलेल्या बाईनं ते पुढं लिहिलं. 'स्मृतिचित्रे'ही लिहिलं, अगदी बोलल्यासारखं. त्याचा पहिला भाग 1934 साली निघाला. पुढच्या बुधवारी त्यातलं एक पान मी वाचतो, दुसरं तुमच्यापैकी कोणीतरी वाचायचं.