यंत्राच्या शब्दाला जामीन कोण?

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका शोकाकुल प्रवाशाला भाडेसवलतीचा नियम चुकीचा सांगितला. कंपनी म्हणाली, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही! २०२४ साली तेथील न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळून भरपाई द्यायला लावली.

जनरेटिव्ह एआयवरचे नवे चॅटबॉट तर वाक्यच स्वतः जुळवतात. ते सफाईदार असते. खरे असेलच असे नाही. उद्या देवळीचा शेतकरी पीककर्जाच्या परतफेडीची मुदत अशा यंत्राला विचारील. उत्तर चुकले तर व्याजसवलत त्याची बुडेल. कारकून कमी करून वाचलेला पगार मात्र बँकेचा! वर्ध्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल, पण पुरावा? प्रत्येक संभाषणाची मराठी प्रत ग्राहकाच्या हाती पडलीच पाहिजे, ही मागणी आपण आतापासून लावून धरू.