‘टेनेशिअस’ : सोडू नये ते धरणारा शब्द

(हीरक महोत्सवातील भाषणाचा मजकूर)



इंग्रजीतील ‘टेनेशिअस’ या विशेषणाचा अर्थ ‘चिवट, चिकाटीचा’ असा सांगितला जातो. तो योग्यच आहे. परंतु शब्दाचे मर्म त्याच्या व्युत्पत्तीत आहे. लॅटिनमध्ये ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. हाती घेतलेले जो सोडत नाही, तो ‘टेनेशिअस’. ‘तेनेरे’ आणि संस्कृतातील ‘तन्’ हा धातू यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. ‘तंतू’ आणि ‘ताणणे’ हे शब्द त्याच कुळातले. परका वाटणारा शब्द असा दूरचा आप्त निघतो.

न सुटणारी पकड ‘टेनेशिअस’, तशी वाचलेले न विसरणारी स्मरणशक्तीही ‘टेनेशिअस’. वस्त्रोद्योगात धाग्याच्या बळाला ‘टेनॅसिटी’ म्हणतात. मात्र ‘ऑब्स्टिनेट’शी त्याची गल्लत होऊ नये. ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हेकट. चूक दाखवूनही तो आपलाच हेका चालवतो. त्या शब्दात दोष सुचतो, ‘टेनेशिअस’मध्ये बहुधा गौरव.

या विशेषणास शोभणारे उदाहरण मराठीच्याच इतिहासात आहे. जेम्स मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण केला. तो १८४७ मध्ये निघाला. पहिल्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी. ज्यांची ही मातृभाषा नव्हती, त्यांनी तिचा एकेक शब्द असा जपून धरला.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी जमेल का, ही पालकांची काळजी खरी आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. इंग्रजी उत्तम शिकवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु चिकाटी, हट्ट आणि हेका यांतील भेद ज्याला मायबोलीत उमगला आहे, त्याला ‘टेनेशिअस’ कोठे योजावा आणि ‘ऑब्स्टिनेट’ कोठे, हे समजण्यास फारसा वेळ लागत नाही. ज्याच्याजवळ हा भेदच नाही, त्याने दोन्ही शब्द पाठ केले तरी ते शब्दच राहतात.

हा भेद केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. तो आजीच्या रागावण्यातून, आईच्या कौतुकातून, जेवणाच्या पानावरील गप्पांतून येतो. घरातली मराठी सुटली, तर एकट्या शाळेला ती धरून ठेवता येणार नाही. साठ वर्षे शाळेने या धाग्याचे एक टोक धरले आहे. दुसरे टोक घराने सोडू नये, एवढीच या प्रसंगी विनंती.