संहाराविना निग्रह



शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीविषयी बोलताना बहुधा रणांगणाची भाषा वापरली जाते. विषाणू हा शत्रू, पांढऱ्या पेशी हे सैनिक आणि बाधित पेशीचा नाश हाच विजय. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याची दुसरी बाजू एचआयव्हीच्या संशोधनातून प्रकाशात आली.

१९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने भारतातील एचआयव्हीची लागण प्रथम उघड झाली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. जे लेव्ही आणि त्यांचे सहकारी एक कोडे सोडवीत होते. काही बाधित व्यक्ती निरोगी दिसत होत्या आणि त्यांच्या रक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, तरी विषाणू सापडत नव्हता. त्या पेशींतून ‘सीडी-८’ नावाच्या पेशी वेगळ्या काढताच विषाणू वाढू लागला. त्या परत मिसळताच तो थांबला. सीडी-८ पेशींनी बाधित पेशी मारल्या असाव्यात, अशी शंका साहजिकच होती. परंतु बाधित पेशी जिवंत होत्या. सीडी-८ पेशी पुन्हा काढल्या, की विषाणू पुन्हा डोके वर काढी. हा संहार नव्हता, निग्रह होता.

हा निग्रह कसा घडतो? एचआयव्ही ‘सीडी-४’ पेशीत शिरून आपला जनुकीय मजकूर तिच्याच जनुकांत गुंफतो. त्या मजकुराची नक्कल निघाली, तरच नवे विषाणू तयार होतात. सीडी-८ पेशी नेमका या नकलेलाच आळा घालतात. मजकूर तसाच राहतो, पण वाचला जात नाही. विशेष म्हणजे, ज्या द्रवात या पेशी वाढविल्या, तो द्रवही हे कार्य काही अंशी करतो. अर्थात, त्या एखादे द्रव्य स्रवत असल्या पाहिजेत.

१९९५ मध्ये डॉ. रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने अशी तीन द्रव्ये ओळखली. ती ‘सीसीआर-५’ हे पेशीचे द्वार अडवितात, हे पुढच्या वर्षी स्पष्ट झाले. द्वार रोखण्याच्या याच तत्त्वावरील मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये संमत झाले. मात्र पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूला मूक करणाऱ्या द्रव्याची पूर्ण ओळख दीर्घ शोधानंतरही पटलेली नाही.

सीडी-४ पेशी या प्रतिकारव्यवस्थेच्या सूत्रधार आहेत. शत्रू शिरला म्हणून आपलेच घर जाळावे लागू नये, हे या निग्रहाचे मोल. त्याला मर्यादाही आहेत. बहुतेकांत तो कालांतराने क्षीण होतो. म्हणून औषधोपचाराला पर्याय नाही. तरीही, औषधे चालू असलेल्या बाधित माकडांतून सीडी-८ पेशी काढताच विषाणू रक्तात वाढला, असे २०१६ च्या प्रयोगात दिसले. औषधाच्या जोडीला हा पहारा हवाच.

भारतीय परंपरेने निग्रहाला दुर्बलता नव्हे, सामर्थ्य मानले आहे. समाजानेही हा धडा घ्यावा. बाधित पेशीला न मारता शरीर विषाणूला आवरते. मग बाधित माणसाला वाळीत टाकून समाज काय साधणार? २००४ पासून शासकीय केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका घटला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली आहे. पण कायदा उंबरठ्यापर्यंतच येतो. बाधिताला ताटावर बसवून घेणे, त्याचे औषध चुकू न देणे, हे घरातल्यांचे आणि वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याचे काम आहे.