एका अंध ऑर्गनवादकाची लिपि
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



"अपंग असूनही इतरांस स्फूर्ति देणारीं माणसें" या विषयावर मीं चार शब्द बोलावे, अशी महोत्सवमंडळाची आज्ञा झाली. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु 'स्फूर्ति' या शब्दाविषयीं माझ्या मनांत थोडी अढी आहे, ती आरंभींच सांगून टाकतों. आपण आंधळ्यापांगळ्यांच्या धैर्याच्या कथा ऐकतों, डोळे टिपतों, स्फूर्ति पदरांत बांधून घरीं जातों. आणि ज्याच्यापासून ती घेतली तो मात्र देवळाच्या पायरीवर होता तेथेंच राहतो. म्हणून आज मी अशा मनुष्याची हकीकत सांगणार आहें कीं, ज्याला जगास स्फूर्ति द्यावयाची नव्हती. त्याला वाचावयाचें होतें.

लुई ब्रेल हें त्याचें नांव. पॅरिसच्या पूर्वेस सुमारें पंचवीस मैलांवर कूव्ह्रे म्हणून खेडें आहे, तेथें ४ जानेवारी १८०९ रोजीं तो जन्मला. बाप खोगिरें व घोड्यांचे साज शिवणारा. मूल तीन वर्षांचें असतां बापाच्या कामाच्या जागीं खेळत होतें. हातीं एक हत्यार लागलें, बहुधा चामड्यास भोंक पाडण्याची आरी, आणि तें डोळ्यांत गेलें. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यांत पसरला, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास मूल पूर्ण अंध झालें. त्या काळीं अशा मुलाची वाट बहुतेक ठरलेली असे, ती भिकेची. लुईच्या आईबापांनीं त्यास त्या वाटेला जाऊं दिलें नाहीं. गांवचे धर्मगुरु आबे पालुई यांनीं त्यास पहिले धडे दिले. पुढें तो डोळस मुलांच्या पंक्तीला गांवच्याच शाळेंत बसूं लागला. ऐकण्यांत तो कोणास हार जात नसे. पुस्तकें उघडलीं कीं मात्र एकटा पडे.

१८१९ सालीं, वयाच्या दहाव्या वर्षीं, त्यास पॅरिसच्या अंधशाळेंत धाडण्यांत आलें. येथें मला थोडें थांबावयाचें आहे, कारण सारें मर्म येथें आहे. ही शाळा व्हालांतँ आयुई नामक एका सत्पुरुषानें काढिली होती. अंधांना वाचतां यावें म्हणून त्यानें जाड कागदावर आपलीं नेहमींचींच अक्षरें मोठ्या आकारांत उठावदार छापविलीं. हेतु थोर होता, आणि त्यापूर्वीं इतकेंही कोणी केलें नव्हतें. परंतु तीं अक्षरें डोळ्यासाठीं जन्मलेलीं होतीं. डोळा अक्षराची आकृति एका दृष्टिक्षेपांत उचलतो. बोटाला एकएक वळण चाचपीत जावें लागतें, आणि शब्द संपेपर्यंत आरंभींचें अक्षर विस्मरणांत जातें. पुस्तकें धोंड्यासारखीं जड. आणि लिहावयाचें म्हटलें तर उपायच नाहीं! डोळसांनीं प्रेमानें दिलेलें तें दान डोळसांच्याच मापाचें होतें.

पुढें १८२१ सालीं चार्ल्स बार्बिए नांवाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्यानें ठिपक्यांची एक लिपि शाळेस दाखविली. कल्पना उत्तम, पण एकेका खुणेस बारा ठिपक्यांची जागा लागे, म्हणून ती बोटाखालीं मावत नसे. शिवाय त्या खुणा केवळ उच्चारांच्या होत्या. शुद्धलेखन, विरामचिन्हें, संगीत, यांस तींत थारा नव्हता. लुई त्या वेळीं बारा वर्षांचा होता. त्यानें ती लिपि हातीं घेतली आणि तीन वर्षें तिच्यांत काटछांट केली. पंधराव्या वर्षीं, १८२४ सालीं, तो सहा ठिपक्यांवर आला. फांशावरील सहाचें दान आठवा: दोन उभ्या ओळी, एकेकींत तीन ठिपके. बोटाचें अग्र एका स्पर्शांत अवघी खूण घेतें, वरखालीं हिंडावें लागत नाहीं. आणि कोणता ठिपका उठवावा व कोणता सोडावा याच्या त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. लिहिणारा टोच्यानें कागदावर उजवीकडून डावीकडे टोचीत जातो, आणि कागद उलटला कीं डावीकडून उजवीकडे वाचतो. तो टोच्या पुष्कळसा आरीसारखाच असतो. यावर मी अधिक कांहीं बोलत नाहीं.

१८२९ सालीं लुईनें या पद्धतीचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या लांबलचक नांवांत शब्द व संगीत यांबरोबर देवळांतील प्राचीन एकसुरी गायनाचाही उल्लेख आहे. आपल्या आजोबांच्या काळीं मिस्सेंत जें लॅटिन गायन होई तेंच. तो स्वतः ऑर्गनवादक होता. पॅरिसच्या सेंट निकोलस-दे-शां या चर्चमध्यें १८३४ पासून त्यानें कांहीं वर्षें ऑर्गन वाजविला. दोन्ही हात पट्ट्यांवर असतां अंधानें स्वरलेख वाचावा तरी कशानें? तेव्हां एका हातानें वाचावें, दुसऱ्यानें वाजवून पाहावें, आणि सारें पाठ करून मगच उपासनेस बसावें. आमचे गायनमंडळ आयत्या वेळीं पानें चाळतें, तेव्हां मला त्याची आठवण होते.

त्याच्या लिपीचें शाळेंत स्वागत झालें म्हणाल तर तसें नाहीं. १८४० सालीं नवे संचालक आले. त्यांस ही लिपि नापसंत. अंधांची लिपि निराळी झाली तर ते डोळसांपासून तुटतील, असा तर्क होता. लिपीस बंदी झाली, पुस्तकें जाळण्यांत आलीं असेंही इतिहासकार लिहितात. मुलें मात्र चोरून लिहीत राहिलीं. अखेर १८४४ सालीं नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं उपसंचालक ग्वादे यांनीं तिची बाजू जाहीरपणें मांडली. लुईस क्षयानें पूर्वींच गांठलें होतें. ६ जानेवारी १८५२ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. शाळेनें लिपि रीतसर स्वीकारली ती १८५४ सालीं. शंभर वर्षांनीं, १९५२ सालीं, फ्रान्सनें त्याच्या अस्थि पॅरिसच्या पांतेओंमध्यें थोरांच्या शेजारीं नेल्या. हातांच्या अस्थि कूव्ह्रेनें आपल्यापाशीं ठेवून घेतल्या.

आपल्या मराठीसही हेच सहा ठिपके लाभले आहेत. १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं समान ब्रेल ठरली. तींत 'अ' म्हणजे एकच ठिपका. छापील 'कि' मध्यें वेलांटी आधीं काढावी लागते. ब्रेलमध्यें आधीं 'क', मग 'इ', जसें कानाला ऐकूं येतें तसें.

आतां माझी कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी येथील गायनमंडळाचा प्रमुख होतों. एक अंध तरुण मजकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, नव्या गीतांचे शब्द मला पंधरा दिवस आधीं कोणाकडून सांगवा, मी ठिपक्यांत उतरून घेईन." मीं म्हटलें, "बाळा, तुला कशाला एवढा त्रास? तुला तर सारें पाठ असतें. मागें बस आणि गा." हें मीं मायेनें म्हटलें. तो मागें बसला, आणि बारा वर्षें तेथेंच बसला. आयुईच्या अक्षरांची गोष्ट मीं वाचली तेव्हां प्रथम मला त्याचा चेहरा आठवला, आणि मी त्याच्या घरीं गेलों. तो रागावला नाहीं. "आतां तरी पंधरा दिवस आधीं द्याल ना?" एवढेंच त्यानें विचारलें.

यंदा महिनाभर आधीं दिले आहेत. महोत्सवाच्या मिस्सेंतील पहिलें वाचन तो करणार आहे, आणि सर्व गीतें त्यानें स्वतः उतरून आणिलीं आहेत. तीं जाड पिवळीं पानें वेदीच्या डावीकडील मेजावर ठेविलीं आहेत. फुलें वाहणाऱ्या भगिनींस विनंति एवढीच कीं, त्यांवर कुंड्या अथवा मेणबत्त्यांचे खोके ठेवूं नयेत. वजनानें ठिपके बसतात.